शेवटच्या अंकानंतर: पुण्यातल्या एका वाचकगटाचं प्रकरण

फ्लोरिडातलं डीलँड गाव पर्यटकांच्या यादीत फारसं नसतं, पण पॅराशूटने उड्या मारणाऱ्यांना ते तोंडपाठ असतं. मुख्य पॅराशूट एका झटक्यात सोडून देता यावं म्हणून खांद्यापाशी तीन कड्यांची जी रचना असते, ती शोधणाऱ्या बिल बूथ यांची कंपनी तिथली. कॅनॉपी, म्हणजे पॅराशूटचं उघडणारं कापड, बनवणारी परफॉर्मन्स डिझाइन्सही तिथलीच. याच गावातून 'स्कायडायव्हिंग' नावाचं मासिक निघायचं. वर्तमानपत्राचा कागद, टॅब्लॉइड आकार. मायकेल ट्रफर यांनी ते सुरू केलं. जवळपास तीन दशकं ते चाललं आणि २००९ मध्ये थांबलं.

ते का थांबलं, मालकांची गणितं काय होती, हा या लेखाचा विषय नाही. पुण्यात एका गटाकडे या मासिकाची एक प्रत यायची आणि ती सगळ्यांत फिरायची. अंक यायचे बंद झाले तेव्हा या गटाने काय केलं, कशावरून वाद झाले आणि त्यातून काय उरलं, एवढंच मांडायचं आहे. मी त्या गटात होते, अजूनही आहे.

गट कसा होता

वर्गणी एका इंजिनिअरदादाची. नोकरीनिमित्त अमेरिकेत असताना त्याने तिथे स्कायडायव्हिंगचं पहिलं लायसन्स काढलं होतं. परत आल्यावरही वर्गणी चालू राहिली, कारण पैसे भरायला न्यू जर्सीत बहीण होती. बाकीचे आम्ही भिन्न दिशांनी आलेलो. धानोरीत स्थायिक झालेले निवृत्त सुभेदारकाका, ज्यांनी उमेदीची वर्षं पॅराट्रूपर घडवण्यात घालवली. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर रविवार काढणारे एक काका. हाडांचे एक डॉक्टर. रविवार पेठेत तंबू आणि सॅक शिवणारा, कामशेतच्या पॅराग्लायडरवाल्यांना दुरुस्त्या करून देणारा एक कारागीर. दोन-तीन कॉलेजची मुलं, आणि कामशेतला पॅराग्लायडिंग शिकलेली मी.

प्रत्यक्ष स्कायडायव्हिंग केलेले यात थोडे. त्यात नवल नाही. पुण्याला ड्रॉपझोन नाही. ड्रॉपझोन म्हणजे जिथे रोज विमान चढतं, जिथे जुनी माणसं दिवसभर पॅराशूट घडी करत बसलेली असतात आणि नवा पोरगा त्यांच्या शेजारी बसून ऐकत असतो, अशी जागा. आपल्याकडे हवाई दलाची आकाशगंगा टीम १९८७ पासून आग्र्याला आहे, पण ती सैनिकांची. नागरिकांसाठी कधी म्हैसूरला, कधी मध्य प्रदेशात सागरजवळ धाना इथे, कधी आपल्या अँबी व्हॅलीला शिबिरं लागतात आणि उठतात. पुण्यात हा खेळ घराघरात पोचला तो शीतल महाजनमुळे. १८ एप्रिल २००४ रोजी या पुण्याच्या मुलीने आयुष्यातली पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली. डिसेंबर २००६ मध्ये दक्षिण ध्रुव. त्या काळात आमच्या गटात आलेली दोन्ही मुलं तिच्या बातम्या वाचूनच आली होती.

उत्साह होता, ऐकवणारं मात्र कोणी नव्हतं. ही उणीव ते मासिक भरून काढत होतं.

अंक कसा वाचला जायचा

पहिल्या पानाच्या कोपऱ्यात टाचणीने एक चिठ्ठी लावलेली असायची. नाव, अंक मिळाल्याची तारीख, पुढे दिल्याची तारीख. पहिला मान सुभेदारकाकांचा, कारण ते समासात लाल रिफिलने लिहायचे आणि बाकीच्यांना ते लिखाण मूळ मजकुराइतकंच हवं असायचं. सैन्यातल्या त्यांच्या उड्या गोल पॅराशूटच्या. विमानातल्या तारेला दोर अडकवलेला, बाहेर पडलं की पॅराशूट आपोआप उघडणार. चौकोनी कॅनॉपी, हाताने उघडायचं पॅराशूट, ते उघडेपर्यंत मिनिटभर नुसतं पडत राहणं, म्हणजे फ्रीफॉल, हे जग त्यांना नवं होतं. पण अपघाताच्या प्रत्येक वृत्तांताशेजारी त्यांचा एक शब्द ठरलेला असायचा: "उंची?" वृत्तांतात उंची दिलेली असली तरी ते लिहायचे, आणि मग बाण काढून तो आकडा गोल करायचे. एका पानावर असे चार-पाच लाल गोल दिसायचे. नुसते तेवढे वाचले तरी कोणाची वेळ कुठे संपली ते कळायचं.

सगळ्यांचं वाचून झालं की महिन्यातून एकदा बैठक. उपकरणांच्या जाहिराती, स्पर्धांचे निकाल, वाचकांची भांडणं यावर गप्पा व्हायच्या, पण मुख्य कार्यक्रम अपघाताच्या पानाचा. डॉक्टर एक वृत्तांत मराठीत सांगायला घ्यायचे आणि निर्णयाच्या क्षणी थांबायचे. "कॅनॉपी उघडली आहे, पण गरगर फिरते आहे. अल्टिमीटरवर अडीच हजार फूट. काय करशील?" मग ज्याच्याकडे बोट जाईल त्याने उठून उभं राहायचं आणि दोन्ही हातांनी करून दाखवायचं: आधी उजवीकडची मूठ ओढून मुख्य पॅराशूट सोडायचं, मग डावीकडची ओढून रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट. डॉक्टर तेवढ्यात घड्याळ बघत असायचे. पोटावर पडणारा माणूस ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो, म्हणजे हजार फूट साडेपाच-सहा सेकंदांत. "अं... म्हणजे आधी..." एवढं म्हणेपर्यंत किती फूट गेले ते ते सांगायचे.

कारागीरमामांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांच्यासाठी आम्ही उपकरणांची पानं वाचून दाखवायचो. एकदा हार्नेसच्या, म्हणजे अंगावर बांधायच्या पट्ट्यांच्या शिवणीबद्दल काहीतरी होतं. त्यांनी फोटोवर भिंग धरलं, टाके मोजले आणि सांगितलं की ओढ या दिशेने येणार असेल तर टाका आडवा असून चालणार नाही. पुढची वीस मिनिटं इंजिनिअर आणि ते पट्टीचा तुकडा हातात घेऊन बसले होते.

हे मासिक आम्हाला एवढं जवळचं का वाटावं? अमेरिकेतल्या पॅराशूटवाल्यांच्या संघटनेचं 'पॅराशूटिस्ट' नावाचं मासिक १९५७ पासून निघतं. तेही उत्तम आहे, अपघातांचे वृत्तांत त्यातही असतात. पण ते सभासदांच्या संघटनेचं मुखपत्र. डीलँडचं मासिक संघटनेचं नव्हतं. त्यामुळे संघटनेच्या धोरणावर बोलायचं असो की एखाद्या उपकरणाच्या दोषावर, त्याला कोणाची परवानगी लागत नसे. ज्या खेळात चूक माणूस घेऊन जाते, त्या खेळाला एक तरी अशी जागा लागतेच असं माझं ठाम मत आहे.

एक उदाहरण देते. १९९१ मध्ये जर्मनीतल्या एअरटेक कंपनीने सायप्रेस नावाचं उपकरण बाजारात आणलं. माणूस सुमारे साडेसातशे फुटांवर आला आणि अजूनही सेकंदाला ३५ मीटरच्या वर वेगाने पडत असेल, तर ते स्वतःच रिझर्व्हचा दोर कापून पॅराशूट उघडतं. बेशुद्ध पडलेले, उंचीचं भान सुटलेले कितीतरी लोक त्याने वाचवले. पण त्याच काळात दुसऱ्याच प्रकारचे मृत्यू पुढे आले: मुख्य पॅराशूट नीट उघडलेलं, काही बिघाड नाही, आणि जमिनीजवळ वेग मिळवायला घेतलेलं वळण कमी उंचीवर घेतलं गेलं. अशा वेळी ते उपकरण गप्प राहतं, कारण उघडलेल्या पॅराशूटखाली वेग त्याच्या मर्यादेत असतो. उपकरणं जितकी सुरक्षित होतील तितका माणूस जास्त धोका पत्करेल, असं बिल बूथ यांचं एक प्रसिद्ध म्हणणं आहे. ते आमच्या मुलांना पाठ होतं. पण पटलं ते ओळीने वृत्तांत वाचल्यावर. एकच बातमी वाचून ते पटत नाही.

निरोप

मासिक बंद होणार हे कळल्यावर गटात पहिली प्रतिक्रिया वयानुसार आली. मुलं म्हणाली, सगळं आता नेटवर मिळतं. ग्लायडिंगवाले काका गप्प झाले. त्यांनी 'माणूस' बंद पडताना पाहिलं होतं. १९६१ साली श्री. ग. माजगावकरांनी सुरू केलेलं ते पुण्याचं नियतकालिक १९८६ मध्ये थांबलं, तेव्हा काकांच्या घरी वर्षानुवर्षांचे अंक माळ्यावर होते. हळहळले सगळे, लेख लिहिले गेले, आणि काही वर्षांनी घर रंगवायला काढलं तेव्हा ते गठ्ठे रद्दीत गेले. "हळहळ वेगळी आणि जपणूक वेगळी," ते म्हणाले. त्या बैठकीतलं हे वाक्य पुढच्या सगळ्या चर्चेला दिशा देऊन गेलं.

मासिकाला पत्र लिहायचं ठरलं. पहिला खर्डा इंजिनिअरदादाने केला. छान होता: इतकी वर्षं आनंद दिलात, पोकळी जाणवेल, शुभेच्छा. सुभेदारकाकांना तो पसंत पडला नाही. त्यांचं म्हणणं, आभार तर सगळेच मानतील. आपण इतक्या लांबून काय वापरलं ते त्यांना कळू दे. मग नवा खर्डा झाला. त्यात पुण्यातल्या ज्या माणसाने कधी विमानातून उडी मारली नाही त्याने शिवणीबद्दल काय पाहिलं ते होतं. परदेशी शिकायला गेलेल्या आमच्या एका मुलीने ढगांच्या वरून उडी मारायला नकार दिला आणि नंतर विमानच खाली आणलं गेलं, ते होतं. तिच्या मनात १९६७ ची ईरी सरोवराची हकिगत होती. ओहायोत एका जुन्या बॉम्बर विमानातून ढगांवरून उडी मारलेली माणसं जमिनीवर उतरू असं समजून चालली होती, आणि ढगाखाली आल्यावर दिसलं की आपण सरोवरावर आहोत. सोळा जण बुडाले. ही हकिगत गटात इतक्यांदा सांगितली गेली होती की त्या मुलीला प्रशिक्षकासमोर नाही म्हणायचा धीर झाला.

पत्राच्या शेवटी आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. कारागीरमामांनी मराठीत केली. टपालात टाकलं. उत्तराची अपेक्षा नव्हती.

संचाचं काय करायचं

खरा पेच इथे होता. जमलेले अंक इंजिनिअरदादाच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली. सुरुवातीच्या काळातले नव्हते, मधले काही गहाळ होते, पण बऱ्यापैकी सलग संच होता.

एक मत ग्रंथालयाला देण्याचं. एका ग्रंथालयात जाऊन विचारलं. त्यांनी आस्थेने ऐकलं आणि स्पष्ट सांगितलं की अपुरा संच, टॅब्लॉइड आकार आणि वाचणारे मोजके, त्यामुळे तो खोक्यातच राहील. मला त्यांचं वागणं रास्त वाटलं. दुसरं मत वाटून घेण्याचं: ज्याला जे अंक प्रिय ते त्याने न्यावेत. ऐकायला प्रेमळ, पण तसं झालं असतं तर संच त्याच दिवशी संपला असता. तिसरं मत मुलांचं: सगळं स्कॅन करा, सगळ्यांना पाठवा. यावर इंजिनिअरदादा अडून बसला. मासिक बंद झालं म्हणून मजकुरावरचा हक्क संपत नाही. आपल्यापुरतं स्कॅन करून ठेवणं वेगळं, वाटत सुटणं वेगळं. मला तो तेव्हा फार कडक वाटला होता, पण त्याच्याच हट्टामुळे आम्ही पुढच्या कल्पनेकडे वळलो.

चौथं मत माझं होतं: अपघाताची पानं कापून वहीत चिकटवावीत. बुधवार पेठेतल्या बाइंडरने त्यातली हवा काढली. त्याने एक जुना अंक घडीवर हलकेच वाकवला. कडकन आवाज झाला आणि भुसा खाली पडला. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात आम्ल राहतं आणि उजेड, हवा लागली की तो पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यात पुण्याचा पावसाळा. "शिवू नका, चिकटवू नका. घडी उलगडा, आडवे ठेवा, अंधारात ठेवा," एवढंच तो म्हणाला आणि पैसे घेतले नाहीत. तसंच केलं. पुठ्ठ्याची सपाट खोकी, मध्ये चांगला कागद.

आणि मजकुरासाठी वही. घटना कोणाच्या मालकीची नसते, ती सांगण्याची भाषा असते. म्हणून प्रत्येक वृत्तांत आपण वाचायचा, बाजूला ठेवायचा आणि आपल्या शब्दांत मराठीत नोंदवायचा. रकाने ठरले: माणसाच्या एकूण उड्या किती, विमानातून किती उंचीवर निघाला, पॅराशूट किती उंचीवर उघडलं, अडचण काय आली, त्याने काय केलं, आणि शेवटी "काय करायला हवं होतं". गेलेल्या माणसाचं नाव लिहायचं नाही.

शेवटच्या रकान्यावर मोठा वाद झाला, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातला तोच सर्वांत महत्त्वाचा भाग. डॉक्टरांनी तो रकाना भरायला नकार दिला. खुर्चीत बसून, पंख्याखाली, चहा घेत मेलेल्या माणसाला शहाणपण शिकवायचं नाही, म्हणाले. मुलांचं म्हणणं, मग शिकायचं कसं? दोन बैठका यातच गेल्या. शेवटी सुभेदारकाकांनी रकान्याचं शीर्षक खोडून लिहिलं: "त्याच्या जागी मी असतो तर", आणि खाली सहीसाठी ओळ आखली. जो नोंद करेल त्याने स्वतःच्या नावाने उत्तर द्यायचं. परिणाम लगेच दिसला. आधी मुलं धडाधड लिहायची: "वेळीच रिझर्व्ह ओढायला हवं होतं." आता सही करायची म्हटल्यावर त्याच मुलाने लिहिलं: "मीही बहुधा कॅनॉपी सरळ करायच्या नादात खाली आलो असतो. म्हणून जमिनीवर असतानाच ठरवतो की अमुक उंचीनंतर प्रयत्न बंद."

नंतरची गोष्ट

माहितीच्या बाबतीत आमचं काही अडलं नाही. दादा अमेरिकन संघटनेचा सभासद असल्यामुळे 'पॅराशूटिस्ट' येऊ लागला. नेटवर तर अपघाताची चर्चा त्याच दिवशी सुरू व्हायची. मुलांचं भाकीत खरं ठरलं होतं.

बैठक मात्र मोडली. कोणी जाहीर केलं नाही, आपोआप विरळ झाली. कारण शोधायला मला बरेच महिने लागले. आधी प्रत एकच होती, म्हणून वाट पाहावी लागायची. वाट पाहावी लागायची म्हणून चिठ्ठी होती, समासातलं लिखाण होतं आणि सगळ्यांनी एकाच वेळी एकच वृत्तांत ताजा वाचलेला असायचा. आता प्रत्येकाने वेगळं, वेगळ्या वेळी, मोबाइलवर वाचलेलं. भेटल्यावर "ते पाहिलंस का?" एवढंच. घड्याळ लावून उठून उभं राहायला कोणी तयार नाही. मासिक जाण्याने आमचं जे गेलं ते हे होतं. ज्यांच्याजवळ ड्रॉपझोन आहे त्यांचं एक आवडतं मासिक गेलं. जुनी माणसं, शेकोटी, पॅकिंगची चटई त्यांच्याकडे राहिली. आमचा ड्रॉपझोनच त्या कागदावर होता.

उपाय साधा निघाला. वही एकच ठेवायची, तिची प्रत काढायची नाही, आणि ती चिठ्ठी लावून फिरवायची. नवी नोंद फक्त वही हातात असताना. बैठकीत एकच नोंद वाचायची आणि ती ज्याने अजून एकही उडी मारलेली नाही त्याने वाचायची. हे ठरल्यावर बैठका पुन्हा भरू लागल्या, पूर्वीइतक्या नियमित नाहीत, पण भरतात.

एक आक्षेप वारंवार येतो: आता हे सगळं कशाला? अमेरिकन संघटनेच्या आकड्यांनुसार १९७० च्या दशकात तिथे वर्षाला सरासरी ४२.५ मृत्यू होत. २०२३ मध्ये ३६ लाखांहून अधिक उड्यांत १० झाले. खेळ खरोखरच सुरक्षित झाला आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण तो आपोआप झाला नाही. उपकरणं सुधारली, प्रशिक्षण सुधारलं, आणि दोन्हीच्या मुळाशी कोणीतरी कोणाचा तरी शेवटचा मिनिट नीट लिहून ठेवला होता.

सुभेदारकाका आता येत नाहीत, प्रकृती साथ देत नाही, पण वही त्यांच्याकडे जाते. दादाची सोसायटी पुनर्विकासात गेली, तेव्हा खोकी हडपसरला ग्लायडिंगवाल्या काकांच्या घरी हलवली. ढगांवरून उडी नाकारणारी ती मुलगी परदेशात प्रशिक्षक झाली आहे. दिवाळीला आली की बैठक तीच घेते.

भारतातल्या अपघातांच्या नोंदी वहीत घ्याव्यात का, हा वाद मिटलेला नाही. वर्तमानपत्रातल्या बहुतेक बातम्यांत "पॅराशूट न उघडल्याने" एवढंच असतं. कोणतं पॅराशूट, मुख्य की रिझर्व्ह? उघडलंच नाही की अर्धवट उघडलं? कितीवर? टँडम, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून मारलेली उडी होती, की गाडीने किंवा बोटीने ओढलेलं पॅरासेलिंग, हाही घोटाळा असतो. मुलांचा आग्रह आहे की आपल्या मातीतल्या घटना आधी हव्यात. डॉक्टर म्हणतात, अर्धवट माहितीवर सही करणार नाही. सध्याचा नियम असा की उंची कळल्याशिवाय नोंद नाही. तोवर ती कात्रणं पाकिटात वेगळी ठेवली आहेत, आणि प्रत्यक्ष तिथे हजर असलेलं कोणी भेटलं की त्याला बैठकीला बोलावतो.